आधी प्रमाण, मग अंदाज

‘स्वयंपाक काही पुस्तक वाचून येत नाही’ हे वाक्य मराठी घरांत इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही. लग्न ठरलेली मुलगी असो, शिकायला पुण्यात खोली घेऊन राहिलेला लातूरचा मुलगा असो, की बायको बाळंतपणाला माहेरी गेल्यावर पहिल्यांदाच गॅससमोर उभा राहिलेला गृहस्थ असो, ऐकावे लागते ते हेच. मग सल्ला येतो. आईला विचार. आई जवळ नसेल तर मोबाइलवर बघ. पुढे सवयीने अंदाज येईल. पुस्तकाचे नाव निघालेच तर ते रुखवतात मांडायची वस्तू म्हणून.

हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचा सगळ्यात जास्त तोटा नवशिक्यालाच होतो. ज्याला अजून काहीच येत नाही, त्याला सुरुवातीच्या काळात आई आणि मोबाइल या दोघांहून जास्त उपयोगी पडते ते नीट लिहिलेले एक पाकपुस्तक. मराठीत अशी पुस्तके आहेत. ती वाचून हजारो घरांत चुली पेटल्या आहेत. तरीही त्यांना बाजूला सारण्याची जी फॅशन आली आहे, तिचा प्रतिवाद व्हायला हवा.

आधी अंदाजाचा मुद्दा. ‘जुन्या बायका कुठे मोजूनमापून करत होत्या?’ असे विचारले जाते. करत होत्या. जुन्या घरांत मापे भरपूर होती. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पंगतीला किती पाने आहेत त्यावर तांदूळ चिपट्याने काढायचा की मापट्याने हे ठरे. सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, साखर आणि तूप आजही सव्वाच्या मापाने, सारखे घेतात. म्हणून तो प्रसाद नागपुरात खा नाहीतर रत्नागिरीत, जवळपास एकच चव लागते. चकलीच्या भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ असले हिशेब घराघरांत तोंडपाठ असत आणि अजूनही असतात. ही सगळी प्रमाणेच आहेत.

मग अंदाज आला कुठून? तोच तांदूळ, तेच पातेले, तीच पळी आणि तीच चूल वर्षानुवर्षे वापरल्यावर पाणी पातेल्याच्या कुठल्या कडेपर्यंत यायला हवे हे डोळ्यांना कळू लागते. अंदाज हा मोजण्याच्या दीर्घ सवयीतूनच तयार होतो. नवशिक्याकडे ते पातेले नसते, ती पळी नसते, आणि गेली वीस वर्षेही नसतात. त्याला ‘अंदाजाने घाल’ असे सांगणारी आई त्याला काहीच सांगत नसते. तिच्या मायेबद्दल किंवा हाताच्या चवीबद्दल शंका नाही. पण स्वतःला येणारी गोष्ट दुसऱ्याला पायरीपायरीने सांगता येणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि ते ज्यांच्याकडे असते त्यांच्या हातूनच चांगली पाकपुस्तके लिहिली जातात.

कमलाबाई ओगले यांच्याकडे ते होते. त्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्करांकडून प्रसिद्ध झाले. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९५६च्या कायद्यानंतर देशात दशमान वजनमापे आली होती. शेर-पायली मोडीत निघाली होती, किलो-लिटर वाण्याच्या दुकानात पोचले होते, पण स्वयंपाकघरात तराजू नव्हताच. शहरात दोन खोल्यांत नवा संसार मांडणाऱ्या मुलीजवळ ना सासू होती ना आईचे मापटे. कमलाबाईंनी तिच्या हाताशी जे नक्की होते तेच माप म्हणून घेतले: वाटी आणि चमचा. या एका निर्णयाने ते पुस्तक नवशिक्याचे झाले.

‘पण वाटी कुठली? प्रत्येक घरची वाटी वेगळी,’ हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. दिसायला बिनतोड असला तरी तो अर्धाच खरा आहे. उकडीच्या मोदकांना एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी लागते. वाटी दीडशे मिलिलिटरची असली काय आणि दोनशेची असली काय, उकड तशीच होते, कारण इथे महत्त्व वाटीच्या आकाराला नसून दोन वाट्यांमधल्या नात्याला आहे. पातेल्यातल्या भाताला एकास दोन पाणी, साध्या शिऱ्याला एक वाटी रव्याला दोन ते अडीच वाट्या पाणी किंवा दूध, हेही तसेच. वाटीचे माप घरागणिक बदलते आणि कृती मात्र बदलत नाही. ग्रॅममध्ये लिहिलेल्या कृतीला तराजू लागतो. वाटीने लिहिलेल्या कृतीला फक्त एकच वाटी शेवटपर्यंत वापरण्याची शिस्त लागते.

आक्षेपाचा खरा भाग चमच्यात आहे, आणि तो कोणी मांडत नाही. कृतीत ‘दोन वाट्या पीठ, एक चमचा मीठ’ असे असले आणि घरची वाटी मोठी असली, तर पीठ वाढते पण चमचा तेवढाच राहतो. पदार्थ अळणी होतो आणि दोष पुस्तकाला लागतो. परदेशात गेलेल्या मराठी माणसाची अडचण याहून मोठी असते. अमेरिकेत मापाचा कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात २५०चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २०चा. चहाचा चमचा सगळीकडे ५चा. एवढी चार-पाच मापे पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापली की हा गोंधळ संपतो. पुस्तक टाकून देण्याचे हे कारण होऊ शकत नाही.

मापावरचा हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत जुन्या कृतींमध्ये लोणी अक्रोडाएवढे किंवा अंड्याएवढे घ्या असे लिहिलेले असे. फॅनी फार्मर यांनी १८९६ साली बॉस्टनच्या पाकशाळेचे पुस्तक काढले आणि कप व चमचा सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला. प्रकाशकाला पुस्तक खपेल याची इतकी कमी खात्री होती की पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च लेखिकेनेच करावा असे ठरले. पुढे त्या पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या. मद्रासमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप्पार’ १९५१मध्ये निघाले आणि तमिळ घरांतून परदेशी जाणाऱ्या मुलींच्या सामानात जाऊन बसले. जिथे जिथे तरुण माणसे आईच्या घरापासून लांब गेली, तिथे तिथे पुस्तकाने ही जागा घेतली आहे. मराठीत तर ‘सूपशास्त्र’ हे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे पुस्तक १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१०चे. पुस्तकातून स्वयंपाक शिकणे ही कालपरवाच्या विभक्त कुटुंबांची पळवाट आहे असे मानणाऱ्यांनी ही सालेही ध्यानात घ्यावीत.

आता व्हिडिओ. त्यांना नावे ठेवून चालणार नाही. पुरणपोळी लाटताना कडेपर्यंत पुरण कसे सरकते, मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या, भाकरी परातीत थापताना ती हाताखाली कशी फिरते, हे शब्दांत सांगणे फार कठीण आहे आणि पडद्यावर ते क्षणात कळते. मधुरा बाचल यांच्या ‘मधुराज रेसिपी’सारख्या वाहिन्यांनी मराठी पदार्थ दूरदूरच्या घरांत नेले, हे मोठे काम आहे. हाताच्या हालचालीसाठी व्हिडिओच बघावा.

पण हाताची हालचाल हा स्वयंपाकाचा एक भाग आहे. नवशिक्याची फजिती बहुतेक वेळा त्याआधीच झालेली असते. कांदा परतायला टाकल्यावर लसूण सोललेला नाही हे लक्षात येते. साबुदाणा भिजवायचा होता हे भूक लागल्यावर कळते. छापील कृतीत साहित्य वर एकत्र असते. एका नजरेत दिसते की काय आणायचे, काय भिजवायचे, काय आधी चिरून ठेवायचे. व्हिडिओत तीच माहिती दहा मिनिटांत विखुरलेली असते, आणि ती पुन्हा हवी असेल तर पिठाच्या हातांनी पडदा मागेपुढे सरकवावा लागतो. शिवाय प्रत्येक व्हिडिओ वेगळ्या हाताचा, वेगळ्या वाटीचा. आज एकाची आमटी, उद्या दुसऱ्याची, परवा तिसऱ्याची. मोबाइलचे सगळे गणित माणसाला पुढच्या नव्या गोष्टीकडे ढकलण्याचे आहे, आणि शिकणाऱ्याला गरज असते ती तीच आमटी पुन्हा पुन्हा करण्याची. एकाच माणसाची भाषा, त्याची ‘मध्यम आच’, त्याचा ‘चमचा’ ओळखीचा व्हायला वेळ लागतो. एकदा ती ओळख झाली की त्याच पुस्तकातली अकरावी कृती पहिल्या कृतीपेक्षा पुष्कळ सोपी जाते. रोज नवा गुरू करणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

पुस्तकेही खोटे बोलतात, हे मात्र कबूल केले पाहिजे. २०१२ साली ‘स्लेट’ या अमेरिकी नियतकालिकात टॉम स्कोका यांनी दाखवून दिले की कांदा गडद तपकिरी परतायला पाच-दहा मिनिटे लागतात असे पाककृतींमध्ये सर्रास लिहिलेले असते. त्यांनी घड्याळ लावून कांदा परतला. मोठ्या आचेवर सतत हलवत राहून २८ मिनिटे लागली आणि नेहमीच्या बेताने पाऊण तास. मराठी घरात काळ्या रश्शाचे वाटण करणाऱ्या कोणालाही हे नवे नाही. पण नवशिक्या पुस्तकातली पाच मिनिटे खरी मानतो, कांदा कच्चा ठेवून पुढे जातो आणि रस्सा फसला की आपल्यालाच जमत नाही असे समजतो. अशी चूक करणाऱ्या पुस्तकांना धारेवर धरायला हवे. मात्र ही चूक पकडता आली ती छापून ठेवलेली होती म्हणून. व्हिडिओत तोच कांदा दोन कापांच्या मध्ये सोनेरी होऊन येतो; वेळ किती गेला याचा दाखलाच उरत नाही.

याहून गंभीर तक्रार मराठी पुस्तकांच्या भाषेबद्दल आहे, आणि ती रास्त आहे. ‘चवीपुरते मीठ’, ‘बेताचे पाणी’, ‘रवा खमंग भाजून घ्यावा’. ज्याला खमंग म्हणजे काय ते माहीत आहे त्याला हे वाक्य नको असते, आणि ज्याला माहीत नाही त्याला त्याचा उपयोग नसतो. अशा जागी खुणा लिहाव्या लागतात, आणि त्या लिहिता येतात. बेसन तुपात भाजताना आधी गोळा होते, कालथा जड जातो. मग ते सैल होते, तूप कडेने सुटू लागते आणि वास बदलतो. तिथे लाडवाचे बेसन भाजून झाले. दाणे भाजताना साल बोटाने चोळून सुटले पाहिजे. फोडणीत मोहरी तडतडून थांबत आली की हिंग टाकायचा आणि हळद टाकताना आच बंद करायची, कारण हळद फार लवकर जळते आणि कडू होते. मिठाचेही तसेच. सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे साधारण सहा ग्रॅम. चार माणसांच्या आमटीत तेवढे घालावे, उकळी येऊ द्यावी, चाखावे आणि मग वाढवावे. ‘चवीपुरते’ या शब्दामागे दडलेले सगळे ज्ञान एवढ्या ओळीत मावते.

कुकरच्या शिट्ट्यांबद्दल तर पुस्तके आणि व्हिडिओ दोघेही सारखेच बेफिकीर आहेत. तीन शिट्ट्या म्हणजे किती वेळ? आच किती मोठी, कुकर किती लिटरचा, त्यात पाणी किती, यावर तो वेळ दुप्पटही होऊ शकतो. कुकरमध्ये दाब चढला की आतले तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि डाळ त्या तापमानात किती मिनिटे राहिली यावर शिजते, शिट्टीच्या आवाजावर नाही. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून मिनिटे मोजणे हीच खरी पद्धत. बोअरच्या जड पाण्यात डाळ उशिरा शिजते, जुनी डाळही उशिरा शिजते, आणि चिंच किंवा आमसूल आधीच घातले तर डाळ मऊ व्हायला वेळ घेते. म्हणून आमटीत आंबट शेवटी. क्रमाचे हे कारण ज्या पुस्तकात एका वाक्यात दिलेले असेल, ते नवशिक्याला दहा कृतींइतके देऊन जाते.

आणखी एका टीकेला बगल देता येत नाही. मराठी पाकपुस्तके म्हणजे मोजक्या जातींच्या, शहरी, बहुतांशी शाकाहारी स्वयंपाकघरांचे दप्तर, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण चित्र पूर्ण नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या पुस्तकात मांस-मासळीचे पदार्थ आहेत. सारस्वत महिला समाजाच्या ‘रसचंद्रिका’त एका समाजाचा रोजचा आणि सणाचा स्वयंपाक जपलेला आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’ लिहिताना लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाची नजर स्वयंपाकघरात आणली. आणि जे राहून गेले होते ते शाहू पाटोळे यांनी २०१५च्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मांडले: मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न, त्यामागची टंचाई आणि त्या टंचाईतून आलेली युक्ती. ज्या घरांत तेल थेंबाने मोजले गेले, तिथला स्वयंपाक कोणत्याही गुळगुळीत सचित्र पुस्तकात नव्हता. या उणिवेवर उत्तर आहे ते आणखी पुस्तके. विदर्भातली, खानदेशातली, कोळीवाड्यातली, पारध्यांच्या पालावरची चूल ज्याला माहीत आहे त्याने ती लिहावी. तोंडी परंपरेच्या नावाखाली लिहिणेच नाकारले तर ज्यांचे आधीपासून छापलेले आहे तेवढेच टिकेल आणि बाकीचे त्या त्या आजीबरोबर जाईल.

‘आईकडून शीक’ या सल्ल्यात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शिकणारी मुलगी आहे, आणि ती वर्षानुवर्षे आईच्या शेजारी ओट्याशी उभी होती. मुलगे तिथे उभे नव्हते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या ८१.२ टक्के स्त्रिया घरातल्या बिनपगारी कामात दिसल्या आणि पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. या परिस्थितीत अंदाजाची आणि आईच्या हाताची महती गाणे म्हणजे पुरुषाला कायमची सुट्टी देणे. पुस्तकाला वाचणारा मुलगा आहे की मुलगी याने फरक पडत नाही. तिशीतल्या मुलाला आईला रोज फोन करून ‘किती पाणी?’ विचारायची लाज वाटत असेल, पण पान उलटायला लाज वाटण्याचे कारण नाही. ‘रुचिरा’ लग्नात मुलींना दिले गेले, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. ते मुलग्यांना दिले गेले नाही, याची खंत त्याहून मोठी असायला हवी.

मग कुठले पुस्तक घ्यावे? चकचकीत छायाचित्रांचे, शंभर प्रकारच्या पनीरचे घेऊ नये. एकाच धान्याचे किंवा एकाच सणाचेही सुरुवातीला नको. ‘रुचिरा’ घ्यावे, किंवा मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’. दोन्ही आणायची गरज नाही. त्यातल्या पाच कृती निवडाव्यात: भात, वरण किंवा आमटी, एक सुकी भाजी, एक उसळ, आणि कांदेपोहे. पोळी नंतर, तिला हात बसायला वेळ लागतो आणि तिच्यापायी बाकीचा उत्साह मावळतो. प्रत्येक कृती पहिल्यांदा अक्षरशः पुस्तकाप्रमाणे करावी, एकही बदल न करता. जे बिघडले ते समासात पेन्सिलीने लिहावे: इंद्रायणी तांदळाला पाणी कमी पुरले, पोहे जाड असल्याने जास्त भिजवावे लागले, मटकीला मोड यायला थंडीत जास्त वेळ लागला. काही महिन्यांत ते पुस्तक त्या घरच्या चुलीचे आणि भांड्यांचे होते. त्यानंतर मीठ मुठीने टाकले तरी चालेल.

आणि प्रकाशकांनी आपले काम करावे. पिढ्यान्पिढ्या खपणारी ही पुस्तके आहेत तशी छापत राहणे पुरेसे नाही. पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावर वाटी आणि चमच्याचे मिलिलिटर द्यावेत. ‘तीन शिट्ट्या’ असतील तिथे मिनिटे घालावीत. ‘खमंग’, ‘बेताचे’, ‘चवीपुरते’ हे शब्द ठेवावेत, पण प्रत्येकाशेजारी एक खूण लिहावी. कृती किती माणसांना पुरेल आणि एकूण किती वेळ लागेल हे मथळ्याखालीच छापावे. मागे घटकांची सूची जोडावी, म्हणजे फ्रिजमध्ये अर्धा दुधीभोपळा उरलेल्या माणसाला त्याचे काय करायचे ते सापडेल. आणि विकताना लग्नसराईच्या बरोबरीने जूनमधल्या कॉलेज प्रवेशांचा हंगामही धरावा.